नियम कधी तपासायचा?

भीमा आणि नीरा या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात इंदापूर तालुका पसरला आहे. इंदापूरहून अकलूजकडे निघाले की वाटेत बावडा हे गाव लागते. या भागातील कोणत्याही शेतकऱ्याच्या घरी एक कागद जपून ठेवलेला आढळतो. तो म्हणजे सातबाराचा उतारा. सोसायटीचे कर्ज असो, मुलीच्या शिक्षणासाठी दाखला असो की भावाभावांतील वाटणी असो, या कागदावाचून काम पुढे सरकत नाही. आज हा उतारा संगणकातून निघतो. त्यामागे जो डेटाबेस आहे, त्यात एक प्रश्न दडलेला आहे. प्रश्न ऐकायला साधा आहे: नोंदींचा नियम तपासायचा तो नेमका कोणत्या क्षणी? या प्रश्नाला संगणकाहून जुना इतिहास आहे आणि त्यातील एक महत्त्वाचे प्रकरण याच तालुक्यात घडले.

एक वाटणी, चार नोंदी

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, बावड्यातील एका गटाचे क्षेत्र ४ हेक्टर ८० आर आहे. दोन भाऊ आणि एक बहीण यांचे ते सामाईक खाते आहे. आता रीतसर वाटणी होऊन प्रत्येकाच्या वाट्याला १ हेक्टर ६० आर आले. नोंदवहीत चार बदल करायचे आहेत: सामाईक खात्याची नोंद काढायची आणि तीन नव्या नोंदी घालायच्या.

सातबाराचा एक मूलभूत नियम असा की, सर्व खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज गटाच्या एकूण क्षेत्राइतकीच असली पाहिजे. कमी नाही आणि जास्तही नाही. आता हा नियम प्रत्येक बदलानंतर तपासून पाहा. सामाईक नोंद आधी काढली, तर बेरीज शून्य होते. नियम मोडला. मग पहिल्या भावाची नोंद घातली, बेरीज १.६०. पुन्हा मोडला. दुसरी नोंद, ३.२०. अजून मोडलेलाच. तिसऱ्या नोंदीनंतर मात्र बेरीज ४.८० झाली आणि नियम पाळला गेला. बरे, क्रम उलटा केला तर? सामाईक नोंद तशीच ठेवून पहिल्या भावाची नोंद घातली, की बेरीज ६.४० होते. क्रम कोणताही घ्या, मधल्या पायऱ्यांवर नियम मोडतोच.

म्हणजे नियमाची अंमलबजावणी फार कडक ठेवली, तर कायदेशीर वाटणीसुद्धा नोंदवता येणार नाही. आणि नियम तपासलाच नाही, तर एखादे दिवशी ४.८० च्या गटात ५.६० क्षेत्राचे मालक दिसू लागतील. नियम बरोबर असून भागत नाही. तो कधी लावायचा, हेही ठरवावे लागते.

इंदापूरची मोजणी

पेशवाई संपल्यानंतर पुणे भागाचा महसूल ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. रॉबर्ट कीथ प्रिंगल या अधिकाऱ्याने १८२७ ते १८३० या काळात मोठी पाहणी केली. प्रत्येक प्रकारच्या जमिनीचे निव्वळ उत्पन्न काढायचे आणि त्याच्या ५५ टक्के सारा ठरवायचा, अशी त्यांची पद्धत होती. यामागे रिकार्डो या अर्थशास्त्रज्ञाचा खंडाचा सिद्धांत होता. आकडेमोड बारीक होती, कोष्टके भरपूर होती. पण ज्या आकड्यांवर ती उभी होती, ते आकडेच भरवशाचे नव्हते. चूक उघडी पडली ती सर्वांत शेवटी, म्हणजे प्रत्यक्ष वसुलीच्या वेळी. सारा भरणे शक्य होईना, वसुलीसाठी जुलूम झाला, शेते ओस पडली आणि अनेक कुटुंबे घरदार सोडून शेजारच्या संस्थानांत निघून गेली. कागदावरील चूक कागदावर सापडली असती, तर खोडरबराने निभावले असते. ती शेतात सापडली, तेव्हा किंमत रयतेने मोजली.

इंदापूरला असिस्टंट कलेक्टर म्हणून आलेले हेन्री गोल्डस्मिड यांनी १८३५ च्या सुमारास ही स्थिती पाहिली. लेफ्टनंट जॉर्ज विंगेट यांच्यासह त्यांनी इंदापूर तालुक्याची नव्याने पाहणी सुरू केली आणि १८३६ पासून तेथे नवी आकारणी लागू होऊ लागली. मुंबई इलाख्याच्या पुढील साऱ्या जमीनमोजणीची ही सुरुवात मानली जाते. गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन यांच्या १८४७ च्या संयुक्त अहवालात ही पद्धत नियमबद्ध झाली.

या पद्धतीत प्रत्येक शेताला स्वतंत्र सर्व्हे नंबर मिळाला. क्षेत्र एकर आणि गुंठ्यांत मांडले गेले. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद चौरस म्हणजे एक गुंठा, आणि असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. शेताच्या कडेला हद्दीच्या खुणा आल्या. आपल्या विषयाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. मोजणीदाराने मोजलेल्या शेतांपैकी काही शेते वरिष्ठाने पुन्हा मोजून पाहायची, अशी रीत होती. म्हणजे तपासणी वसुलीपर्यंत थांबत नव्हती. काम चालू असतानाच, चूक लहान असतानाच ती पकडण्याचा प्रयत्न होता. आजच्या डेटाबेसच्या भाषेत सांगायचे तर सर्व्हे नंबर ही तक्त्याची किल्ली झाली आणि तपासणीची वेळ अलीकडे आली.

शाईआधीची पेन्सिल

मोजणीने शेताची ओळख पक्की झाली. पण शेतावर हक्क कोणाचे, गहाण कोणाकडे, वाटे किती, हे त्यात पुरेसे येत नव्हते. त्यासाठी मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी सुरू झाली. पुढे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये ही व्यवस्था आजच्या रूपात आली. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांची जोडी. सातमध्ये हक्क, बारामध्ये पिके. आणि हक्कात बदल झाला की तो थेट सातबारावर लिहायचा नाही. तो आधी गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत लिहायचा.

या वाटेवरचे टप्पे पाहण्यासारखे आहेत. तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, फेरफाराची नोंद करतात. तिची प्रत चावडीवर लावली जाते. संबंधितांना नोटीस जाते आणि हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत असते. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते. हरकत नसेल, किंवा तिचा निकाल लागला असेल, तर मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतात. हस्तलिखित काळात तोपर्यंत सातबारावर फेरफाराचा क्रमांक पेन्सिलीने टिपलेला असे. प्रमाणित झाल्यावर तो शाईने लिहायचा आणि जुन्या नावाला कंस करायचा.

पेन्सिल आणि शाई यांतील हा फरक फार अर्थपूर्ण आहे. पेन्सिलीच्या अवस्थेत नोंदी अपुऱ्या असू शकतात, एकमेकींशी विसंगतही असू शकतात. कारण त्या अजून 'झालेल्या' नाहीत. शाई उमटली की मात्र सर्व नियम एकदम लागू होतात. हाच विचार संगणकशास्त्रज्ञांना १९७० च्या दशकात नव्याने मांडावा लागला.

कॉड यांचे तक्ते

जून १९७० मध्ये आयबीएम कंपनीतील एडगर कॉड या गणितज्ञाचा एक निबंध प्रसिद्ध झाला. मोठ्या सामाईक माहितीसाठी त्यांनी एक साधी रचना सुचवली: सर्व माहिती तक्त्यांत ठेवा. गणितातील संबंध, म्हणजे रिलेशन, या कल्पनेवर ती आधारलेली होती. म्हणून अशा डेटाबेसला रिलेशनल डेटाबेस म्हणतात. बँकेची खाती, रेल्वेचे आरक्षण, शाळेचे निकाल यांमागे आज बहुधा हीच रचना असते.

गंमत अशी की, 'कधी तपासायचे?' हा प्रश्न त्या पहिल्याच निबंधात आहे. कॉड यांनी दोन मार्ग सांगितले. प्रत्येक बदलाबरोबर सुसंगती तपासावी, पण त्याने काम मंदावते. किंवा दिवसातून एकदा, अथवा त्याहूनही कमी वेळा, सगळे एकत्र तपासावे. पहिला मार्ग सावध पण खर्चिक आहे. दुसरा स्वस्त आहे, पण त्यात चूक दिवसभर नांदते आणि दरम्यान तिच्यावर विसंबून इतर कामे होऊन जातात.

यांच्यामधला मार्ग आयबीएममध्येच पुढे आला. के. पी. ईश्वरन, जिम ग्रे, रेमंड लोरी आणि आयर्विंग ट्रेगर या चौघांचा निबंध १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे म्हणणे आपल्या वाटणीच्या उदाहरणासारखेच आहे. सुसंगत स्थितीतून दुसऱ्या सुसंगत स्थितीत जाताना मध्ये नियम तात्पुरता मोडावाच लागतो. म्हणून सुटा बदल हे एकक धरू नये. एकत्र जाणाऱ्या बदलांचा गट, म्हणजे 'व्यवहार', हे एकक धरावे. व्यवहाराच्या आरंभी नियम पाळलेला असावा आणि शेवटी पाळलेला असावा.

पण मधली मोडकी अवस्था इतरांना दिसली तर? समजा, एका गटात ८० आर क्षेत्राची नोंद व्हायची राहिली आहे. दोन कारकून दोन संगणकांवर बसले आहेत. दोघांनाही ८० आर शिल्लक दिसते. दोघेही वेगवेगळ्या व्यक्तींच्या नावे ८० आर लावतात. प्रत्येकाच्या दृष्टीने बेरीज बरोबर, आणि दोन्ही पक्क्या झाल्यावर गटात ८० आर जास्त! म्हणून शेवटी तपासणे पुरेसे नाही. एकाचे काम पूर्ण होईपर्यंत दुसऱ्याला थांबवावे लागते. त्या चौघांच्या निबंधाचा मोठा भाग अशा कुलुपांविषयीच आहे.

१९८१ मध्ये ग्रे यांनी व्यवहाराच्या कल्पनेचे मूळ करारांच्या कायद्यात असल्याचे सांगितले. त्यांनी चर्चमधील लग्नाचे उदाहरण दिले. वधू आणि वर दोघांनीही होकार दिल्यावरच धर्मगुरू लग्न झाल्याचे जाहीर करतो. एकाचाच होकार म्हणजे अर्धे लग्न नव्हे, तर लग्नच नव्हे. १९८३ मध्ये थिओ हेर्डर आणि आंद्रेआस रॉयटर यांनी व्यवहाराचे चार गुण एकत्र मांडले: पूर्ण तरी व्हावा किंवा मुळीच होऊ नये, नियम पाळावेत, इतरांच्या कामात मिसळू नये आणि झालेला व्यवहार टिकून राहावा. या चार गुणांच्या इंग्रजी आद्याक्षरांतून 'ॲसिड' हे नाव रूढ झाले.

ओळीला, वाक्याला की शेवटी?

आता प्रत्यक्ष प्रणाली काय करतात ते पाहू. यासाठी शिक्षकांना परिचित असा हजेरीपट घेऊ. वर्गात ४० मुले आहेत, हजेरी क्रमांक १ ते ४०. वर्षाच्या सुरुवातीस एक नवी मुलगी आली आणि अकारविल्हे तिचे नाव पहिले येते. आता सर्वांचे क्रमांक एकाने वाढवायचे. संगणकाला आपण एकच वाक्य सांगतो: 'प्रत्येकाच्या क्रमांकात एक मिळव.' नियम असा की, एकाच क्रमांकाची दोन मुले नसावीत.

तपासणी प्रत्येक ओळीनंतर झाली, तर पहिल्याच पावलाला अडचण येते. क्रमांक १ चा २ झाला, पण २ तर आधीच आहे. वाक्य पूर्ण झाल्यावर तपासले, तर सगळे २ ते ४१ झालेले असतात आणि तक्रारीला जागा नसते. डेटाबेसच्या एसक्यूएल या भाषेचे प्रमाण दुसरा मार्ग सांगते. पण प्रत्यक्षात काही लोकप्रिय प्रणाली ओळीगणिकच तपासतात. पोस्टग्रेसक्यूएल या मुक्त प्रणालीत असा एकमेवतेचा नियम लांबणीवर टाकण्याची सोय २०१० मध्ये आली. मायएसक्यूएलमध्ये नेहमी वापरली जाणारी साठवण-यंत्रणा ओळीगणिकच तपासते.

वाक्याच्या पुढची पायरी व्यवहाराच्या शेवटाची. १९९२ च्या एसक्यूएल प्रमाणात ती स्पष्टपणे आली. नियम लिहितानाच सांगता येते की, हा नियम लांबणीवर टाकता येईल की नाही, आणि येत असेल तर सुरुवातीला तो तत्काळ लागू आहे की शेवटी. व्यवहार चालू असताना ही वेळ बदलण्याची आज्ञाही आहे. काहीच सांगितले नाही, तर नियम तत्काळ लागू असतो आणि लांबणीवर टाकता येत नाही. व्यवहार पक्का करण्याची आज्ञा, म्हणजे 'कमिट', दिली की राहिलेले सर्व नियम तपासले जातात. एक जरी मोडलेला आढळला, तरी पूर्ण व्यवहार रद्द होतो आणि तक्ते पूर्वीसारखे होतात. ओरॅकल कंपनीच्या प्रणालीत ही सोय १९९७ च्या आठव्या आवृत्तीत आली.

सर्व नियम शेवटी ढकलावेत का? नाही. 'क्षेत्र ऋण नसावे' हा नियम एकाच ओळीपुरता आहे. तो मोडण्याचे कोणतेच न्याय्य कारण संभवत नाही. तो लगेच तपासला तर चूक कोठे झाली हे त्याच क्षणी कळते. शेवटी तपासला, तर शंभर बदलांपैकी कोणता चुकला हे शोधत बसावे लागते. लांबणीवर टाकण्याची गरज असते ती अनेक ओळींना किंवा तक्त्यांना जोडणाऱ्या नियमांना. येथेही एकमत नाही. ख्रिस डेट आणि ह्यू डार्वेन या अभ्यासकांनी आग्रह धरला की, तपासणी नेहमी तत्काळच हवी. त्यासाठी अनेक बदल एकाच वाक्यात, एकदम करण्याची सोय भाषेत असावी. म्हणजे मोडकी मधली अवस्था निर्माणच होणार नाही.

आणि आपला बेरजेचा नियम? १९९२ च्या प्रमाणात अशा व्यापक नियमांसाठीही सोय सुचवलेली होती. पण प्रचलित प्रणालींनी ती वर्षानुवर्षे बाजूला ठेवली, कारण प्रत्येक बदलानंतर सर्व संबंधित ओळी पुन्हा चाळणे महाग पडते. त्यामुळे असे नियम बहुधा प्रोग्राम लिहिणाऱ्यालाच सांभाळावे लागतात. प्रोग्राम लिहिणारा विसरला, की नियमही विसरला जातो.

जुन्या चुकांचे काय?

महाराष्ट्रात भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाचा आरंभ १९८८-८९ मध्ये वर्धा जिल्ह्यात झाला. पुढे ई-फेरफार प्रणाली आली. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. पण कागदावरील नोंदी संगणकात भरल्या, तेव्हा अनेक दशकांच्या चुकाही सोबत आल्या. कोठे बेरीज जुळेना, कोठे खाते असून नाव नाही. कागदाने या चुका निमूटपणे सांभाळल्या होत्या, कारण कागद स्वतःहून बेरीज करत नाही.

संगणकाने नियम लावला, की अडचण भलत्याच माणसाची होते. चूक चाळीस वर्षांपूर्वीची आणि अडते ती आज वारसनोंद करायला आलेल्या मुलीची. डेटाबेसमध्ये यासाठीही वेळेचीच युक्ती आहे: नियम आजपासूनच्या नोंदींना लावायचा आणि जुन्या ओळींची तपासणी सवडीने करायची. पोस्टग्रेसक्यूएलने २०११ मध्ये अशी सोय आणली, ओरॅकलमध्ये ती त्याआधीही होती. पण ही युक्ती चूक दुरुस्त करत नाही, फक्त तिला बाजूला ठेवते. दुरुस्ती माणसांनाच करावी लागते. म्हणून २०१७ मध्ये महाराष्ट्रात गावोगावी संगणकीकृत सातबारांचे चावडी वाचन झाले. नोंदी लोकांसमोर वाचायच्या आणि चूक सांगायची संधी द्यायची, हा जुनाच उपाय उपयोगी पडला.

येथे संगणकाचा व्यवहार आणि कागदाचा फेरफार यांतील महत्त्वाचा फरक लक्षात येतो. संगणक मधली अवस्था लपवतो. फेरफाराची पद्धत ती मुद्दाम चावडीवर मांडते. कारण दोघे वेगवेगळ्या गोष्टी तपासत आहेत. बेरीज जुळते का, हे यंत्राला क्षणात सांगता येते. पण बहिणीला डावलून दोघा भावांनी प्रत्येकी २ हेक्टर ४० आर लावून घेतले, तरीही बेरीज ४.८० च येते! यंत्राचा एकही नियम मोडत नाही. ही चूक फक्त ती बहीणच सांगू शकते, आणि त्यासाठी तिला ते १५ दिवस हवे असतात. म्हणूनच ई-फेरफारातही प्रमाणित होण्याआधी नोटीस आणि हरकतीची मुदत आहे. प्रमाणित झाल्यावरच सातबारा बदलतो.

प्रिंगल यांची कोष्टके आठवा. बेरजा नीट मांडल्या होत्या, तरी शेतात त्या खोट्या ठरल्या. सुसंगत असणे आणि खरे असणे या दोन गोष्टी आहेत. पहिलीची तपासणी व्यवहाराच्या शेवटी, यंत्राने करावी. दुसरीची तपासणी व्यवहार पक्का होण्याआधी, माणसांनी करावी. दोन्हींच्या वेळा चुकवल्या, तर काय होते हे इंदापूरच्या रयतेने १८३० नंतर भोगले आहे.

वर्गात हे सहज करून दाखवता येईल. फळ्यावर गटाचा तक्ता काढा. एका मुलाला खडू द्या, एकाला 'तपासनीस' करा. आधी प्रत्येक ओळीनंतर तपासायला सांगा, मग चारही बदलांनंतर. शेवटी एका मुलीचे नाव मुद्दाम गाळून बेरीज जुळवा आणि तपासनीसाला विचारा, चूक सापडली का? मग तोच प्रश्न त्या मुलीला विचारा.